सोंगटी न मारता : एसेनच्या खेळमेळ्याचे सहा दिवस

मंगळवार, १ ऑक्टोबर २०२४

पुण्याहून निघताना माझ्या पिशवीत दोन खेळ होते. एक आजीचा पचिसीचा कापडी पट, त्याच्या कवड्यांच्या थैलीसकट, आणि दुसरा सावंतवाडीहून आणलेला दशावतारी गंजिफांचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा डबा. ज्या देशात खेळ पाहायला आणि शिकायला निघालो आहोत तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढीच त्यामागची भावना होती. मी शाळेत गणित शिकवते. गेली अकरा वर्षे दर रविवारी आमच्या घरी पाच-सहा जण जमतात आणि जर्मन पद्धतीचे पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ मांडून बसतात. त्यामुळे दर ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात भरणारा हा खेळमेळा एकदा तरी पाहायचा, हे मनात कधीपासून होते. माझी भाची ड्युसेलडॉर्फला राहते आणि तिथून एसेन रेल्वेने सुमारे अर्ध्या तासावर आहे, म्हणून मुक्काम तिच्याकडेच ठरला.

संध्याकाळी तिने शेजारच्या आजोबांकडून मागून आणलेला एक जुना पुठ्ठ्याचा पट माझ्यासमोर ठेवला. पिवळ्या पाटीवर काळ्या कडांची गोल घरे, चार कोपऱ्यांत चार रंगांच्या सोंगट्या. नाव ‘मेन्श एर्गेरे दिश निष्ट’, म्हणजे ‘अरे माणसा, रागावू नकोस’. मी पिशवीतून आजीचा पट काढून त्याच्या शेजारी पसरला. फुलीचा तोच आकार, मध्यावर पोचण्याची तीच ओढ आणि वाटेत दुसऱ्याची सोंगटी मारून तिला परत सुरुवातीला धाडण्याची तीच रीत.

“मावशी, म्हणजे हा आपलाच खेळ?” भाचीने विचारले. वंशावळ पाहिली तर उत्तर होकारार्थी आहे. पचिसी भारतातून युरोपात गेली. योझेफ फ्रीडरिश श्मिट या म्युनिकच्या गृहस्थाने १९०७-०८च्या हिवाळ्यात आपल्या मुलांसाठी तिचा सोपा अवतार तयार केला आणि १९१४मध्ये तो मोठ्या संख्येने बाजारात आला. पहिल्या महायुद्धात श्मिट यांनी लष्करी इस्पितळांना ३,००० संच पाठवले आणि घरी परतलेल्या सैनिकांबरोबर हा खेळ देशभर पसरला. आज जर्मनीत हा खेळ माहीत नाही असे घर सापडणे कठीण.

आम्ही दोन डाव खेळलो. दुसऱ्या डावात माझी सोंगटी घरापासून दोन पावलांवर असताना मारली गेली आणि पुढची वीस मिनिटे मी सहाची वाट पाहत नुसती फासा टाकत राहिले. जर्मन खेळरचनाकारांनी पुढच्या काळात ज्या गोष्टीला सर्वांत कसून पर्याय शोधला, ती नेमकी हीच आहे. माणूस पटाशी बसलेला असतो, पण त्याच्या हातात काही उरलेले नसते. पुढचे पाच दिवस मी हेच शोधणार होते, की सोंगटी न मारता स्पर्धा कशी उभी करतात.

बुधवार, २ ऑक्टोबर

मेळा गुरुवारी उघडणार होता, म्हणून आजचा दिवस एसेनच्या झोलफेराइन कोळसा खाणीसाठी ठेवला. मुख्य स्थानकावरून १०७ क्रमांकाची ट्राम थेट तिथे जाते. १९३२मध्ये सुरू झालेला बारावा शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर), त्यावरचा ५५ मीटर उंचीचा पोलादी मनोरा आणि त्याच्या पायाशी लाल विटांच्या काटेकोर चौकोनी इमारती पाहताना मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. खाण १९८६मध्ये बंद झाली आणि २००१पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे.

खेळांच्या प्रवासात खाण कशाला, असे कुणाला वाटेल. पण वोल्फगांग क्रामर आणि मिशाएल कीसलिंग या खेळ रचणाऱ्या जोडीचा २०१३चा ‘ग्ल्युक आउफ’ हा खेळ रूर खोऱ्यातल्या अशाच कोळसा खाणींवर बेतलेला आहे. हे नाव म्हणजे खाणकामगारांचा एकमेकांना शुभ चिंतणारा रामराम. भाचीने तो खेळ मुद्दाम मिळवून ठेवला होता आणि संध्याकाळी तिच्या दोन मित्रांसह आम्ही चौघे बसलो.

प्रत्येकापुढे स्वतःच्या खाणीचा शाफ्ट असतो आणि त्यात पुठ्ठ्याचा पाळणा वरखाली सरकतो. पिवळा, तपकिरी, करडा आणि काळा असे चार प्रतींचे कोळसे जितक्या खोलीवर असतील तिथून वर काढून मागणीप्रमाणे गाड्यांवर, ट्रकांत किंवा रेल्वेत चढवायचे असतात. हे सगळे कामगार मांडून होते. सकाळपासून मनोरा पाहून आल्यामुळे असेल, पण पाळणा एकेक मजला सरकवताना हाताला वेगळेच वजन जाणवत होते.

पण मला खरा आनंद झाला तो एका नियमाचा. कामगार मांडण्याच्या बहुतेक खेळांत एखादी जागा कुणी घेतली की ती इतरांना बंद होते. इथे तसे नाही. कुणी एक कामगार ठेवून जागा घेतली असेल, तर मी दोन ठेवून तीच जागा घेऊ शकते. नंतर येणाऱ्याला तीन ठेवावे लागतात, आणि आधीचे कामगार पाळी संपेपर्यंत कॅन्टीनमध्ये जाऊन बसतात. म्हणजे वाट कुणाचीच अडत नाही, फक्त उशिरा येणाऱ्याला ती महाग पडते. कालच्या जर्मन पचिसीत जे काम सोंगटी मारून होत होते, तेच इथे किंमत वाढवून होते, आणि चौघांपैकी एकालाही रिकामे बसावे लागत नाही. आम्ही तीन पाळ्या पूर्ण केल्या तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. खाणीच्या उजव्या आणि डाव्या बाजूंचा समतोल मी राखला नव्हता, त्यामुळे शेवटी माझे बरेच गुण कापले गेले.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आज जर्मन एकीकरणाचा दिवस, सार्वजनिक सुट्टी. दुकाने बंद आणि रस्ते मोकळे. पण एसेनच्या मुख्य स्थानकाखालून सुटणारी यू-११ ही भुयारी रेल्वे दादरच्या लोकलसारखी भरलेली होती. जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीला रिकामी सॅक आणि हातात घडी घातलेली मोठी पिशवी. ग्रुगा उद्यानाला लागून असलेल्या प्रदर्शन केंद्राच्या स्थानकावर सगळा डबा एकदम उतरला.

या मेळ्याची सुरुवात १९८३मध्ये एसेनच्या प्रौढ शिक्षण केंद्रात झाली. खेळांविषयीच्या एका नियतकालिकाचे वाचक एकत्र जमावेत, हा मूळ हेतू होता. २०२४मध्ये तो सहा दालनांत पसरलेला होता. त्या वर्षी ९००हून अधिक प्रकाशक आणि विक्रेते तिथे होते आणि चार दिवसांत २,०४,००० लोक येऊन गेले. पण हे आकडे वाचून जे चित्र उभे राहते, त्यापेक्षा प्रत्यक्ष जागा निराळी आहे. हे प्रदर्शन नुसते पाहण्याचे नाही. जिकडे पाहावे तिकडे टेबले आहेत, टेबलांवर मांडलेले पट आहेत आणि भोवती बसून खेळणारी माणसे आहेत. खुर्ची रिकामी झाली की बसायचे, आणि कुणीतरी येऊन नियम समजावते. या समजावणाऱ्यांना जर्मन खेळाडू प्रेमाने ‘एर्क्लेअरबेअर’ म्हणतात, म्हणजे ‘समजावणारे अस्वल’. आमच्या वाट्याला आलेला तरुण एकाच खेळाचे नियम सकाळपासून नवव्यांदा सांगत होता, तरी आमच्या टेबलाशी तो पहिल्यांदाच सांगितल्यासारखा बोलला. मी वर्गात रोज तोच धडा चार तुकड्यांना शिकवते, त्यामुळे या माणसाविषयी मला फार आदर वाटला.

सर्वप्रथम आम्ही ‘काटान’ हा बेट वसवण्याचा खेळ मांडलेल्या टेबलाशी गेलो, कारण माझ्यासाठी या सगळ्याची सुरुवात तिथून झाली. काटानचे रचनाकार क्लाउस टॉयबर हे व्यवसायाने दंततंत्रज्ञ होते, म्हणजे दंतवैद्यांसाठी कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या तयार करणारे. संध्याकाळी घराच्या तळघरात ते खेळ रचत. १९९५मध्ये स्टुटगार्टच्या कोस्मोस प्रकाशनाने काटान बाजारात आणला आणि त्याच वर्षी त्याला ‘श्पील देस यारेस’, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. टॉयबरांचा तो या पुरस्काराचा चौथा मान होता. १ एप्रिल २०२३ रोजी ते गेले.

मी नववीच्या वर्गात संभाव्यता काटानच्याच पटावर शिकवते. षटकोनी १९ तुकडे जोडून बेट तयार होते आणि वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक अंक असतो. दोन फाशांची बेरीज त्या अंकाइतकी आली, की त्या तुकड्याला लागून ज्यांची वस्ती असेल त्या सर्वांना तिथला माल मिळतो. बेरीज ६ किंवा ८ येण्याच्या शक्यता ३६पैकी पाच-पाच, म्हणून ते अंक लाल. २ किंवा १२ येण्याची शक्यता ३६पैकी एकच. मुलांना हे फळ्यावर दहा वेळा सांगून जेवढे कळत नाही, तेवढे बारावर वस्ती करून पाऊण तास हात रिकामा राहिल्यावर कळते. पण गणितापेक्षाही महत्त्वाची गोष्ट ‘त्या सर्वांना’ या शब्दांत आहे. फासे दुसऱ्याने टाकले तरी माल मला मिळू शकतो, म्हणून दुसऱ्याची पाळी चालू असतानाही माझे डोळे पटावरच असतात. शिवाय प्रत्येकाकडे काहीतरी कमीच असते, त्यामुळे “दोन मेंढरे देते, एक वीट दे” असे बोलणे सतत चालू राहते. काटानमध्येही सातचे दान पडल्यावर दरोडेखोर येतो आणि मालाचा पत्ता चोरतो, हे खरे. पण वसवलेली वस्ती कुणी मोडू शकत नाही.

याच बोलण्याचे सर्वांत शुद्ध रूप दुपारी ‘बोनान्झा’च्या टेबलाशी पाहायला मिळाले. उवे रोझनबर्ग यांचा १९९७चा हा पत्त्यांचा खेळ. पत्त्यांवर कडधान्यांची चित्रे असतात आणि आपल्या दोन शेतांत ती पेरायची असतात. नियम एवढाच विलक्षण, की हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलायचा नाही. जो पत्ता पुढे आला तोच पेरावा लागतो. आपले पत्ते हातात येताच लावून घ्यायची आपल्याला लहानपणापासूनची सवय. सत्तेपाणी असो की रमी, हात आपोआप हुकूम हुकमाशेजारी सरकवू लागतात. इथे बोटे आवरून धरावी लागतात. नको असलेले कडधान्य पुढे येण्याआधीच कुणाला तरी देऊन टाकावे लागते, म्हणून पेरणी नसतानाही सारखे सौदे चालतात, आणि कधीकधी तर फुकट देणेच फायद्याचे ठरते. आमच्या टेबलावर एक डच जोडपे, एक पोलिश विद्यार्थी आणि आम्ही दोघी होतो. भाषा कुणाची कुणाला नीट कळत नव्हती, तरी अर्ध्या तासात त्या विद्यार्थ्याने माझ्याकडून तीन पत्ते फुकट नेले.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

पाय दुखत होते, म्हणून आज कमी फिरलो आणि जास्त बसलो. क्रामर यांचा १९९४चा ‘झेक्स निम्ट’ खेळलो. १ ते १०४ अंकांचे पत्ते, चार रांगा, सगळ्यांनी एकाच वेळी पत्ता उघडायचा, आणि ज्याचा पत्ता रांगेत सहावा पडेल त्याने आधीचे पाचही उचलायचे. नियम दोन मिनिटांत सांगून होतात आणि दहा माणसे एकत्र खेळू शकतात. पुण्याला नेण्यासाठी तो घेतला; गणपतीत घरी पाहुणे असताना त्याच्याइतका उपयोगी खेळ मला तरी माहीत नाही.

त्यानंतर बराच वेळ मी खोक्यांकडे पाहत उभी राहिले. बहुतेक खोक्यांच्या वरच्या बाजूला, पुस्तकावर असावे तसे, रचनाकाराचे नाव छापलेले असते. जर्मनमध्ये त्यांना ‘खेळाचा लेखक’ असेच म्हणतात. हा मान आपोआप मिळालेला नाही. १९८८मध्ये न्यूर्नबर्गच्या खेळणी प्रदर्शनाच्या वेळी १३ रचनाकारांनी बिअरच्या ग्लासाखाली ठेवायच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर एक ठराव लिहिला आणि खाली सह्या केल्या, की खोक्यावर वरच्या बाजूला नाव छापणार नसेल अशा प्रकाशकाला आपल्यापैकी कुणी खेळ देणार नाही. पुढे १९९१मध्ये रचनाकारांची संघटनाही उभी राहिली. नाव छापल्यामुळे काय होते, हे त्या दालनात समजत होते. लोक विषयाचे किंवा चित्रांचे नव्हे, तर “यंदाचा रोझनबर्ग कुठे आहे?” असे विचारत होते. गणितात डॉक्टरेट केलेले राइनर क्निझिया यांचे खेळ मी स्वतः असेच, फक्त नाव पाहून, विकत घेत आले आहे. त्यांच्या ‘लॉस्ट सिटीज’मध्ये मोहीम काढली की आधी २० गुण वजा होतात आणि मग पत्त्यांनी ती तूट भरून काढायची असते. ही एवढीशी वजाबाकी दोन माणसांना अर्धा तास विचारात पाडते.

आजीचा पचिसीचा पट कुणी रचला, हे कुणालाच सांगता येणार नाही. तो बहुधा शेकडो लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घासून गुळगुळीत केला असेल. पण आज आपल्याकडे कुणी नवा खेळ रचला, तर त्याचे नाव खोक्यावर ठळक असावे असे मला मनापासून वाटते, आणि ती सवय प्रकाशकांपेक्षा आधी आपण खेळणाऱ्यांनी लावून घ्यायला हवी.

शनिवार, ५ ऑक्टोबर

सर्वाधिक गर्दीचा दिवस. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला पाव तास लागत होता. मुलांना खांद्यावर घेतलेले बाप, चाकांच्या गाड्यांवर रचलेली खोकी, कोपऱ्यात जमिनीवर बसून नुकताच घेतलेला खेळ तिथेच उघडणारी मुले. एका विक्रेत्याकडे मी आगाऊ पैसे भरून राखून ठेवलेला खेळ मिळाला नाही. त्यांच्या यादीत माझे नाव नव्हते, आणि पावती दाखवूनही ते पैसे परत करायला तयार होईनात. भाचीने तासभर शांतपणे जर्मनमध्ये बोलून ते मिळवले. तेवढा वेळ गेला, याचे वाईट वाटले.

पण त्याच दिवशी दुपारी ‘स्काय टीम’चे टेबल मिळाले आणि माझ्या मते सहा दिवसांतला सर्वोत्तम तास तोच. लुक रेमाँ यांच्या या खेळाला २०२४चा ‘श्पील देस यारेस’ मिळाला होता. केवळ दोघांसाठी असलेल्या खेळाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. १९७९पासून दिला जाणारा हा पुरस्कार प्रकाशक ठरवत नाहीत, खेळांची समीक्षा करणारे लोक ठरवतात, आणि खेळाच्या कल्पनेइतकेच नियमपुस्तिका किती स्पष्ट लिहिली आहे, हेही ते पाहतात.

एक वैमानिक, दुसरा सहवैमानिक, आणि दोघांनी मिळून विमान उतरवायचे. वैमानिकाचे चार फासे निळे, सहवैमानिकाचे नारिंगी. दर फेरीच्या आधी हवे तेवढे बोलायचे. मात्र फासे आडोशामागे एकदा टाकले, की फेरी संपेपर्यंत एक शब्दही नाही. मग आळीपाळीने एकेक फासा पटावर ठेवायचा. समतोलाच्या जागी दोघांनीही फासा ठेवावाच लागतो. दोन आकड्यांतल्या फरकाने विमान कलते, आणि फार कलले की डाव तिथेच संपतो. इंजिनाच्या जागी दोघांची बेरीज वेग ठरवते. याशिवाय वाटेतली विमाने रेडिओवरून दूर करायची, चाके, फ्लॅप आणि ब्रेक वेळेत उघडायचे, आणि उंची तर दर फेरीला हजार फुटांनी उतरतच असते.

पहिल्या डावात तिसऱ्या फेरीलाच विमान कोसळले. मी समतोलावर ६ ठेवला होता, कारण माझ्याकडे तोच मोठा फासा उरला होता आणि तिच्याकडेही मोठे असतील असे मी गृहीत धरले होते. तिच्याकडे १, १, २ आणि ३ होते.

“मावशी, तू तुझा फासा पाहून ठेवतेस,” ती म्हणाली. “मी आधी काय ठेवलंय ते पाहून ठेव ना.”

दुसऱ्या डावात फासे टाकण्यापूर्वी आम्ही ठरवले, की समतोल नेहमी पहिल्याच खेळीत उरकायचा आणि तो सुरू करणारीने शक्यतो ३ किंवा ४ ठेवायचा, म्हणजे दुसरीला दोन्हीकडे जागा राहते. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या आम्ही एकमेकींकडे न पाहता फक्त पटाकडे पाहत खेळलो. तिने रेडिओवर फासा ठेवला की मला कळायचे, की इंजिनासाठी तिने लहान आकडा राखला आहे. शेवटच्या फेरीत ब्रेकपुरता वेग उरला आणि विमान उतरले. शेजारच्या टेबलावरचे लोकही टाळ्या वाजवू लागले, कारण आमच्या त्या तासभराच्या शांततेकडे त्यांचेही लक्ष गेले असावे. इथे मारायला सोंगटीच नाही, समोर हरवायला कुणी नाही, तरी माझे तळहात घामाने ओले झाले होते.

रविवार, ६ ऑक्टोबर

सकाळी शेवटची चक्कर मारून चार खोकी घेतली. सॅकमध्ये मावावीत म्हणून आतल्या प्लास्टिकच्या खाचा काढून टाकल्या आणि दुपारी परतलो.

संध्याकाळी भाचीने शेजारच्या आजोबांना जेवायला बोलावले होते. ते पन्नास वर्षे स्काट खेळत आले आहेत. तीन जणांचा, ३२ पत्त्यांचा हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला थ्युरिंगियातल्या आल्टेनबुर्ग गावात आकाराला आला आणि आजही तो जर्मनीतला सर्वांत आवडता पत्त्यांचा खेळ मानला जातो. मेळ्यातल्या नव्या खेळांचे त्यांना फारसे कौतुक नव्हते. पण मी गंजिफांचा डबा उघडला आणि हाताने रंगवलेले, लाखेने चकाकणारे गोल पत्ते टेबलावर मांडले, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

एकूण १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधे पत्ते. त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शी वरची आणि उरलेल्या निम्म्यांत एक्का वरचा, हे मी दोनदा सांगितले; त्यांनी ते एका कागदावर टिपून घेतले. हाही तिघांनी खेळायचा, हुकुमाविना, हात घेण्याचा खेळ आहे, हे ऐकल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि स्वतःच पत्ते पिसायला घेतले. गोल पत्ते पिसणे त्यांना जमेना, म्हणून मग मी पिसले. चाळीस-चाळीस पत्ते वाटून झाल्यावर त्यांनी पहिली उतारी कुणाची, असे विचारले. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची, आणि रात्री असेल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची, असे मी सांगितले. त्यांनी वळून खिडकीबाहेर पाहिले. बाहेर दिवे लागले होते. मग त्यांनी हातातल्या चाळीस पत्त्यांतून सावकाश शोधून निळ्या कृष्णाचा राजा काढला आणि टेबलावर ठेवला.